इंदूबाईची लेझीम

मित्रांनो, अमरावतीत राजापेठेच्या मागच्या अंगाला पंचशीलनगर नावाची एक वस्ती आहे. तिथल्या एका घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीशेजारच्या खिळ्याला मी टांगलेली असते. मी लेझीम. आता जुनी झाले आहे. माझा सागाचा दांडा हातांच्या घामाने काळपट पडला आहे आणि साखळीतल्या दोन-तीन चकत्या सैल होऊन नुसत्या लटकतात. तुमच्या शाळेतही माझ्या बहिणी असतील. खेळाच्या खोलीत, पोत्यात भरून ठेवलेल्या. त्यांना कायमचा एकाच बाईचा हात मिळाला नाही, मला मिळाला. त्या बाईंची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म अकोल्याचा. जुन्या शहरात नत्थुजींचं लहानसं दुकान होतं. शाळांना लागणाऱ्या लेझिमी आणि डंबेल्स ते स्वतः बनवत. रंध्याने दांडा गुळगुळीत करायचा, लोखंडी चकत्या ठोकून साखळीत ओवायच्या, मध्ये मूठ बसवायची आणि मग लेझीम कानाजवळ नेऊन हलवून बघायची. आवाज बोदा आला की ते चकत्या काढून पुन्हा ठोकायला बसत. मला त्यांनी तीनदा उकललं होतं. चौथ्या वेळी हलवलं आणि मान डोलावली.

त्याच वेळी दुकानासमोरून एक बाई आणि त्यांचे यजमान चालले होते. माझा आवाज ऐकून बाई थबकल्या. पांढरी साडी, सुजलेले डोळे. त्या होत्या इंदूबाई. त्यांची थोरली बहीण पार्वताबाई अकोल्यात राहायची. छातीच्या कॅन्सरने ती गेली होती आणि तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून दोघं परत अमरावतीला निघाले होते.

"भाऊ, जयंतीसाठी लेझिमी पायजेत आमाले. वस्तीतल्या बायायसाठी," त्या नत्थुजींना म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे मले माह्यासाठी अलग बांधून द्या."

परतीच्या एसटीत आमचं पोतं दोघांच्या पायांशी होतं. यजमानांचं नाव देवमन. ते स्वतः एसटीचे ड्रायव्हर होते, नुकतेच निवृत्त झालेले. त्यामुळे सगळा वेळ त्यांचं लक्ष रस्त्याकडे आणि पुढच्या ड्रायव्हरच्या हातांकडे होतं. इंदूबाई मात्र बोलत होत्या.

"मी त्या डॉक्टरीन बाईले इचारलं, माह्या बहिणीले झाला, आता मले बी होईन का? थे म्हने, होईनच असं नाही, अन् होनारच नाही असं बी सांगता येत नाही. पण रोज आंग हालवत जा म्हने. घाम निघाला पायजे, दम लागला पायजे. वजन वाढू देऊ नोका, तंबाखू-खर्रा तोंडात टाकू नोका. त्यानं छातीचा, आतड्याचा, पिशवीचा, अशा काही कॅन्सरचा धोका कमी होऊ शकते म्हने. अन् छातीत काही वेगळं हाताले लागलं तं लगेच दाखवाचं."

"मंग रोज फिराले जात जा," देवमन म्हणाले.

"एकटी काहून? साऱ्या बायायले घेऊन जाईन."

आणि त्यांनी तसंच केलं.

पहिले काही दिवस जयंतीच्या सरावाचे होते. संध्याकाळी विहारासमोरच्या पटांगणात बायका जमायच्या. कोणाचा पदर अडकायचा, कोणाची चप्पल सुटायची, कोणी उजवीकडे वळायची तेव्हा दुसरी डावीकडे. इंदूबाई शाळेत असताना लेझीम खेळलेल्या होत्या. त्यांना 'चार आवाज' आणि 'पवित्रा' हे लेझमीचे प्रकार पक्के आठवत होते. जयंतीच्या दिवशी मिरवणुकीत पांढऱ्या साड्यांची आमची रांग निघाली, तेव्हा राजापेठेच्या चौकात माणसं गाड्या थांबवून बघत होती. पोरं टाळ्या वाजवत होती. त्या दिवशी मी इतकी वाजले की माझ्या चकत्या उन्हाने आणि खेळण्याने तापून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका लेझिमी पोत्यात टाकायला आल्या. इंदूबाई पोत्याच्या तोंडाशीच बसल्या होत्या.

"लेझिमी घरी न्या आपापल्या," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी साडेपाचले अठीच यायचं."

"आता काहून वो? जयंती तं झाली!" नीलम म्हणाली. नीलम तरुण होती. नांदगाव पेठेच्या कापडाच्या कारखान्यात शिलाईच्या मशीनवर दिवसभर बसून काम करायची.

"जयंती झाली, पण आपलं आंग तं हायच ना अजून? तू दिवसभर बसून राहते, मी खुर्चीवर बसून राहतो, गच्चीवरून पाहनारी आशाबाई सोफ्यावर बसून राहते. बसून बसूनच मराचं काय?"

मग त्यांनी पार्वताबाईंची गोष्ट सांगितली. डॉक्टरांचं बोलणंही सांगितलं. सांगता सांगता त्या पदराने डोळे पुसू लागल्या आणि शेवटचं काही सांगायचं राहूनच गेलं. पोत्यात टाकलेल्या लेझिमी एकेकीने परत काढून घेतल्या.

आशाबाई त्या वस्तीतल्या नव्हेत. त्या पलीकडच्या गल्लीत राहायच्या. त्यांचं माहेर शेंदूरजनाघाटचं, संत्र्यांच्या बागा असलेलं. यजमान सूर्यभानजी जिल्हा परिषदेत होते. आशाबाईंना शुगर होती, गुडघे दुखायचे आणि वजनामुळे चारचौघांत यायची लाज वाटायची. त्या आपल्या गच्चीवरून आमचा सराव बघत उभ्या राहायच्या. इंदूबाईंनी एकदा खालूनच हाक मारली होती, "वरून पाहून वजन उतरत नाही वो आशाबाई, खाली या!" तेव्हापासून त्या यायला लागल्या. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत दम लागून विहाराच्या पायरीवर बसल्या आणि रडल्या. इंदूबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. त्यांनी काही उपदेश केला नाही. माझा दांडा आशाबाईंच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बसल्या बसल्या हात तं हालवा. पाय उद्या."

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस होते. उन्हाळ्यात आम्ही उजाडायच्या आधी सुरू करायचो. पावसाळ्यात विहाराच्या ओसरीत, एकमेकींना दांडा लागू न देता. थंडीत बायका स्वेटरवरून कानाला रुमाल बांधून यायच्या आणि थोड्या वेळाने ते सगळं काढून पायरीवर ढीग करायच्या. आशाबाई पुढे पूर्ण डाव खेळू लागल्या. त्यांची शुगर आटोक्यात आली. नीलमची पाठदुखी गेली. कारखान्यातल्या बायकांनाही ती जेवणाच्या सुट्टीत हात-पाय हलवायला लावते, असं हसत सांगायची. दोन बायकांनी खर्रा सोडला. एकदा वर्तमानपत्राचा माणूस आला आणि आमचा फोटो छापून आला. इंदूबाईंनी तो कापून देवमन यांच्या उशाशी ठेवला. म्हणाल्या, "आता तरी उठा!"

देवमन उठले नाहीत. जन्मभर स्टेअरिंगसमोर बसलेला माणूस, सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून चहा प्यायचा आणि बायकोचा आवाज ऐकायचा. इंदूबाईंची मुलगी दीक्षा राजापेठेतल्या शिकवणी वर्गात गणित शिकवायची. तिच्याकडेही वेळ नव्हता. "आई, मले सकाळी सातची बॅच हाय," एवढंच ती म्हणायची.

मित्रांनो, लेझमीचा दांडा डाव्या हातात असतो आणि साखळीची मूठ उजव्या हातात. म्हणून इंदूबाईंच्या डाव्या हाताशी माझी जास्त ओळख. तिसऱ्या जयंतीच्या थोडं आधी मला जाणवलं की तो हात पूर्वीसारखा खांद्यापर्यंत वर येत नाही. अर्ध्यावर येऊन थांबतो. आवाज पूर्ण व्हायच्या आत खाली येतो. बाकी कोणाच्या ते लक्षात आलं नाही, कारण इंदूबाई तोंडाने मोठमोठ्याने ताल धरायच्या.

माझ्या खिळ्याच्या शेजारी आरसा होता. सकाळी घरात कोणी उठायच्या आधी इंदूबाई दार लोटून त्या आरशासमोर उभ्या राहायच्या. उजव्या हाताने डाव्या काखेत चाचपायच्या. पुन्हा चाचपायच्या. मग मला खिळ्यावरून काढताना पुटपुटायच्या, "काही नाही. हात आखडला असन."

मला वाचा असती तर मी ओरडले असते. पण मला कोणी हलवलं तरच माझा आवाज निघतो.

जयंती गेली. उन्हाळा गेला, पाऊस गेला. दिवाळीच्या सुमाराला एका सकाळी 'पवित्रा' चालू असताना मी त्यांच्या हातून सुटून जमिनीवर पडले. तोपर्यंत मी कधीच पडले नव्हते. इंदूबाई मला उचलायला वाकल्या आणि त्यांना उठताच येईना. आशाबाई शेजारीच होत्या. त्यांनी काखेत हात घालून इंदूबाईंना उभं केलं, आणि त्यांचा हात तिथेच थबकला.

"इंदूबाई, हे काय हाय?" त्या हळूच म्हणाल्या.

"काही नाही."

"काही नाही कसं? हे तं गोट्यावानी लागून राहिलं हाताले!"

"आशाबाई, तुमाले माही शपथ हाय. कोनाले सांगू नोका."

आशाबाईंनी शपथ मोडली. त्याच दुपारी त्या दीक्षाच्या शिकवणी वर्गाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

संध्याकाळी दीक्षा घरी आली ती चपला न काढताच. पुढच्या खोलीत, माझ्यासमोर, तिने आईला खुर्चीवर बसवलं.

"कधीपासून हाय, आई?"

इंदूबाई खाली बघत राहिल्या.

"आई, मी काय इचारून राहिली? कधीपासून?"

"जयंतीच्या आधीपासून."

"सहा-सात महिने?" दीक्षाचा आवाज फाटला. "मावशीचं सारं तू डोळ्यानं पायलं. डॉक्टरनं तुले स्वतः सांगतलं होतं, लगेच दाखवाचं म्हून. तरी तू चूप बसली?"

"मले पहिले वाटलं, मी एवढा व्यायाम करतो, मले कसा होईन? हातच आखडला असन." इंदूबाई थांबल्या. "मंग समजलं का हे तसं नाही. पण तवा वाटलं, आता सांगतलं तं साऱ्या बाया म्हनतीन, पाय, इंदूले बी झालाच. अन् सोडून देतीन सगळ्या. आशाबाई पुन्हा गच्चीवर जाऊन बसन. म्हटलं एवढी जयंती होऊ दे. मंग म्हटलं, पावसाळा होऊ दे."

देवमन दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आत जाऊन त्यांनी बायकोची पिशवी भरायला घेतली. साडी, टॉवेल, दात घासायचा ब्रश. औषधं शोधायला त्यांनी कपाट उघडलं, पण तोपर्यंत इंदूबाईंना कसली औषधंच लागली नव्हती.

तपासण्या झाल्या. आजार छातीतून निघून पुढे यकृतापर्यंत गेला होता. डॉक्टरांनी दीक्षाला समजावून सांगितलं आणि दीक्षाने घरी येऊन वडिलांना. व्यायामाने धोका कमी होतो, पण कोणालाच पूर्ण हमी मिळत नाही. आईचं शरीर दणकट आहे, त्यामुळे ती उपचार बऱ्यापैकी सोसू शकेल, असंही डॉक्टर म्हणाले. पण लवकर आली असती तर गोष्ट वेगळी असती.

किमो सुरू झाली. मी खिळ्याला टांगलेलीच राहिले. इंदूबाईंचे केस गेले, भुवया गेल्या, जेवण तुटलं. त्यांची खाट आतल्या खोलीत होती. त्यांना पटांगण दिसत नसे, पण पुढची खिडकी उघडी ठेवली की ऐकू मात्र यायचं. पहिल्या आठवड्यात लेझिमी वाजल्या. दुसऱ्या आठवड्यात थोड्याच वाजल्या. मग माझ्याच खिडकीखाली बायका उभ्या राहून बोलताना मी ऐकलं.

"जिनं सगळ्यात जास्त केलं, तिलेच झाला," नीलम म्हणत होती. ती रडत होती आणि रागावलेलीही होती. "मंग आपून काहून मरमर कराची? सकाळी उठून पोरायचे डबे सोडून अठी उड्या माराच्या, अन् शेवटी काय?"

आशाबाईंनी आपली लेझीम पायरीवर ठेवली आणि त्या घरी निघून गेल्या. त्या दिवसानंतर पटांगण शांत झालं.

तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी आतून इंदूबाईंचा क्षीण आवाज आला. "दीक्षाचे बाबा, आज आवाज काहून नाही येऊन राहिला?"

देवमन माझ्या खिडकीशी उभे होते. समोर मोकळं पटांगण त्यांना दिसत होतं.

"येऊन राहिला ना," ते म्हणाले. "तुले औषधानं झोप लागली होती, म्हून आयकू नाही आलं."

"उद्या मले उठवा मंग."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवमन यांनी मला खिळ्यावरून काढलं. मला सवय होती इंदूबाईंच्या बोटांची. हे हात जाड होते, स्टेअरिंग धरून धरून घट्टे पडलेले. ते मला छातीशी धरून पटांगणात गेले. इकडे तिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. आणि त्या साठी उलटलेल्या माणसाने, ज्याने आयुष्यात कधी लेझीम हातात घेतली नव्हती, मला हलवायला सुरुवात केली. ताल नाही, चाल नाही. थोड्या वेळाने त्यांना दम लागला. ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा वाजवू लागले. मग माझ्या चकत्या मुठीत दाबून, आवाज न करता, ते घरी आले.

"आयकलं ना?" त्यांनी खाटेजवळ जाऊन विचारलं.

"आयकलं," इंदूबाई म्हणाल्या.

असं रोज चाललं. पाहुणे येवोत की थंडी पडो, देवमन मला घेऊन जायचे. एके दिवशी ते परत आले तेव्हा इंदूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. देवमन मला पाठीमागे लपवू लागले.

"दाखवा ते," त्या म्हणाल्या. "अन् 'चार आवाजा'त तुमी तिसऱ्या आवाजाले थांबून जाता. थांबाचं नसते."

देवमन जागच्या जागी उभे राहिले. "तुले कवापासून माहीत हाय?"

"पहिल्या दिवसापासून. एवढ्या साऱ्या लेझिमीचा आवाज अन् एकट्या लेझमीचा आवाज, मले समजत नाही काय?" इंदूबाई हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सोडून देल्लं ना साऱ्यायनं?"

देवमन खाटेच्या काठावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. इंदूबाईंनी आपला बारीक झालेला हात त्यांच्या पाठीवर ठेवला. मग म्हणाल्या, "उभे राहा. मी ताल देतो. उजवा पाय पुढं घ्या."

त्या दिवसापासून त्या खाटेवरून त्यांना शिकवू लागल्या. बोलायची ताकद नसली की खाटेच्या लाकडावर बोटाने ताल द्यायच्या. चाळीस वर्षांचा त्यांचा संसार, पण मी त्या घरात आल्यापासून त्या दोघांना एवढं एकत्र कधी पाहिलं नव्हतं.

आशाबाई आपल्या गच्चीवरून रोज सकाळी पटांगणातल्या त्या एकट्या माणसाला बघत होत्या. शेवटी त्या खाली उतरल्या.

"भाऊजी, हे काय करून राहिले तुमी?"

"इंदूले आयकू जायले पायजे म्हून," देवमन धापा टाकत म्हणाले.

आशाबाईंची मान खाली गेली. "आमाले वाटलं, काही उपेग नाही झाला भाऊजी. तिनं एवढं केलं, अन्..."

"वयनी, मी आयुष्यभर गाडी चालवली. ब्रेक चांगले असले तरी बी अपघात होते कधी. म्हून का ड्रायव्हरनं ब्रेक काढून फेकाचे?" त्यांनी घाम पुसला. "थे आजारानं नाही एवढी खंगली. पटांगण चूप झालं, त्यानं खंगली थे."

आशाबाई तिथून निघाल्या. देवमन यांना वाटलं, गेल्या त्या. पण पायरीवर पडलेली आपली लेझीम धुवून, पुसून, घेऊन त्या परत आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सूर्यभानजींनाही ओढून आणलं. मग दोघी आल्या, मग चौघी. नीलम सगळ्यात शेवटी आली. ती आधी इंदूबाईंच्या खाटेजवळ गेली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "माय, मी लय वाईट बोलली."

"मले आयकू आलं होतं," इंदूबाई म्हणाल्या. "तुह्या जागी मी असती तं मी बी तेच म्हटलं असतं."

माघाच्या थंडीत एकदा इंदूबाईंनी हट्ट धरला. दीक्षाने त्यांना शाल पांघरून, डोक्याला स्कार्फ बांधून, खुर्चीसकट पटांगणात आणून बसवलं. बायका भोवती जमल्या. इंदूबाईंना एका दमात बोलता येत नव्हतं.

"मी तुमाले अर्धंच सांगतलं होतं बायाहो," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीन बाईनं दोन गोष्टी सांगतल्या होत्या. आंग हालवा, हे एक. अन् काही वेगळं लागलं तं लगेच दाखवा, हे दुसरी. मी दुसरी खाऊन टाकली. स्वतःपासून बी लपवली. तुमी नोका लपवू. व्यायामानं धोका कमी होते. पुरा मिटत नाही. दोन्ही गोष्टी कराच्या. सांगा, करसान ना?"

आशाबाईंनी त्यांच्यापुढे गुडघे टेकले. "तुमी आमच्यासाठी लपोलं, इंदूबाई? आमी सोडून देऊ म्हून?"

इंदूबाईंनी आशाबाईंच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चला, उन्ह वर येऊन राहिलं. सुरू करा."

फाल्गुनात, जयंतीला थोडेच दिवस उरले असताना, इंदूबाई गेल्या. सकाळची वेळ होती आणि त्या दिवशी मला त्यांच्या उशाशी ठेवलं होतं. खिडकी उघडी होती आणि बाहेर सराव चालू होता. दीक्षा त्यांना चमच्याने पाणी पाजत होती. पाणी ओठांच्या कडेने खाली आलं. दीक्षाने चमचा खाली ठेवला आणि पुढच्या खिडकीशी जाऊन हाक मारली. लेझिमी एकदम थांबल्या. त्यानंतरची शांतता मी अजून विसरू शकलेले नाही.

जयंतीला आमची रांग निघाली. मी दीक्षाच्या हातात होते. तिला जेमतेम 'चार आवाज' येत होते. इंदूबाई जिथे असायच्या ती रांगेतली जागा कोणी भरली नाही. राजापेठेच्या चौकात त्या वर्षीही लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना काय माहीत!

जयंती झाल्यावर दीक्षाने सातची बॅच दुसऱ्या मास्तरांना दिली. ती रोज पटांगणात येऊ लागली. आणि एका रविवारी तिने सगळ्या बायकांना गोळा करून सरकारी दवाखान्यात तपासणीसाठी नेलं. बायका घाबरत होत्या, लाजत होत्या, एकमेकींना पुढे ढकलत होत्या. आशाबाई सगळ्यांच्या आधी आत गेल्या. सगळ्यांचं ठीक निघालं. फक्त नीलमला डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. तिच्या छातीत वाटाण्याएवढी गाठ होती. तिच्या स्वतःच्या हातालाही ती लागली नव्हती. ती कॅन्सरचीच निघाली. पण अगदी सुरुवातीची होती, कुठेही पसरलेली नव्हती.

पावसाळ्याच्या तोंडावर नीलमचं ऑपरेशन झालं. उपचार पुरे झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की सगळं चांगलं आहे, फक्त वेळोवेळी तपासायला येत जा. ती बातमी घेऊन नीलम थेट पटांगणात आली. बायकांनी तिला उचललंच. आशाबाईंनी पेढे वाटले. दीक्षाने नीलमला मिठी मारली, तिच्या पोरांच्या तोंडात पेढे घातले, मोठ्याने हसली, आणि मला घेऊन घरी आली.

देवमन ओट्यावर बूट काढत होते. आता तेही रोज खेळतात.

"बाबा, नीलमताईचं चांगलं झालं," दीक्षा म्हणाली. "लवकर सापडलं म्हून वाचली थे."

"बरं झालं पोरी. लय बरं झालं."

दीक्षाने मला खिळ्यावर टांगलं. तिचा हात माझ्या दांड्यावरच राहिला. मग तिचे खांदे हलू लागले.

"आपल्या आईचं काहून नाही सापडलं लवकर, बाबा? मी याच घरात होती. रोज तिच्या हातचं खाऊन बाहेर जात होती. मी तिले एकदाबी इचारलं नाही, आई, तुहा हात काहून दुखते म्हून. एकदाबी नाही."

देवमन हातात बूट धरून बसून राहिले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी स्वतःसाठी काहीतरी मागतात. तेल लावा, पुसून ठेवा, अडगळीत टाकू नका. मला त्यातलं काही नको. मी गंजले तर नत्थुजींसारखा कोणीतरी दुसरी लेझीम बनवेल. माणूस पुन्हा बनवता येत नाही.

तुम्ही खेळा, पळा, घाम येऊ द्या. शाळेतल्या पोत्यातून माझ्या बहिणींना बाहेर काढा. घरातल्या मोठ्यांना खुर्चीतून उठवा. त्याने पुढच्या कितीतरी आजारांचा धोका कमी होईल. पण कोणी आजारी पडलंच, तर त्याला 'तू काय कमी केलंस' असं विचारू नका. व्यायामात इंदूबाईंनी काहीच कमी केलं नव्हतं.

आणि उद्या सकाळी आईचा हात धरून तिला बाहेर फिरायला न्या. चालता चालता तिला विचारा, तुला कुठे काही दुखतं का, काही वेगळं वाटतं का. ती म्हणेल, काही नाही.

तिला पुन्हा विचारा.